शनिवारचा बुधवार: एका बंदरपेठेचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका बंदराच्या शहरातलं आहे: ओस पडत चाललेली जुनी पेठ संध्याकाळी पुन्हा जागी करायला रहिवासी आणि दुकानदारांचा एक गट जमला, त्याचं. शहराचं नाव दिलेलं नाही, माणसांचीही नाहीत, आणि ओळखू येतील अशा दोन-तीन खुणा बदलल्या आहेत. ज्यांना ओळखायचं ते तरीही ओळखतील, कोकणात काही लपत नाही. मी त्या गटाची टिपणवही सांभाळत होतो. त्यामुळे सगळे निर्णय माझ्यासमोर झाले, आणि जे चुकले त्यांनाही मी मान डोलावली होती.

पार्श्वभूमी

पेठ म्हणजे धक्क्यापासून तिठ्यापर्यंतचा (तीन रस्ते मिळतात तिथवरचा), चालत पाच-सहा मिनिटांचा रस्ता. दोन्ही अंगांना जांभ्या दगडाची, मंगलोरी कौलांची घरं. खाली दुकान, वर माडी, पुढे ओटा. जुन्या दुकानांना शटर नाही, फळ्या आहेत. प्रत्येक फळीवर आकडा रंगवलेला असतो. सकाळी क्रमानं काढायच्या, रात्री उलट्या क्रमानं बसवायच्या. क्रम चुकला की शेवटची फळी खाचेत जात नाही आणि दुकानदार अंधारात शिव्या देत पुन्हा सुरुवात करतो.

ही पेठ समुद्राकडे तोंड करून वाढली. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ती कौलं गलबतांतून वर कोकणात आली, आणि इथल्या छपरांवरचे शिक्के अजून वाचता येतात. मीठ, तांदूळ, काजू, सुतळी, सगळं धक्क्यावरून पेठेत आणि पेठेतून बैलगाडीनं घाटाकडे. पुढे आगबोटी बंद झाल्या, मालवाहतूक ट्रकवर गेली. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला, पण स्थानक गावापासून लांब. एसटी स्टँड वरच्या बाजूला गेलं तशी नवी दुकानंही तिकडेच गेली. मोबाइल, कपडे, चायनीज, हॉटेल्स सगळं स्टँडवर. पेठेत उरले भुसारी, एक सोनार, पूजेचं साहित्य, दोन शिंपी, एक आयुर्वेदिक औषधांचं दुकान आणि बंद फळ्या.

आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गाळे मोजले, तेव्हा चाळीसेक भरले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे कायमचे बंद होते. बंद का, याचं उत्तर बहुतेक वेळा धंद्यात नव्हतं. मिळकत पत्रिकेवर आठ-दहा सहहिस्सेदार, त्यांतले दोन मुंबईला, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. भाड्यानं द्यायचं तर सही कोणाची? जिथे जुने भाडेकरू आहेत तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडं वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येतं. मुळातलं भाडंच इतकं क्षुल्लक की मालक कौलं शाकारायलाही फिरकत नाही.

अडचण

गट जमला तो एका किरकोळ निमित्तानं. माडीवर एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणतात, संध्याकाळी पडवीच्या पायरीवरून पडल्या आणि अर्धा तास कोणाच्या लक्षात आलं नाही. खाली रस्ता होता, पण रस्त्यावर कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी भुसारी काका म्हणाले, "पूर्वी इथे कोणी शिंकलं तरी चार घरांतून 'देव बरं करो' यायचं."

मग बैठका सुरू झाल्या त्या काकांच्या ओट्यावर. बाई (पाय प्लॅस्टरमध्ये), भुसारी काका, त्यांचा पुण्याहून परतलेला पुतण्या, शिंपी, बचत गटाच्या दोघी जणी, एक लॉजवाले आणि मी. अडचणीचं वर्णन आम्ही वहीत असं केलं: संध्याकाळी साडेसहानंतर पेठ मरते.

हे वाक्य चूक होतं, आणि पुढचा गोंधळ त्यातूनच निघाला. तिठ्याच्या टोकाला रोज संध्याकाळी पाचपासून दहा-बारा मासळीवाल्या बसतात. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, ताजी मासळी आली की तिथे उभं राहायला जागा नसते. स्कूटर आडव्या, पिशव्या पसरलेल्या, मासळीच्या वाट्यांवरून (लहान ढिगांवरून) घासाघीस. साडेसातपर्यंत ही गर्दी असते. आम्ही ती पेठेत धरलीच नव्हती. आमच्या डोळ्यांसमोरची पेठ म्हणजे फळ्यांची दुकानं.

पर्याय कोणते होते

पहिला पर्याय सुशोभीकरणाचा. नगरपरिषदेकडे अर्ज करायचा, पेव्हर ब्लॉक, शोभेचे दिवे, बाकडी मागायची. शिंप्यांचा याला कडक विरोध. "रस्ता खणला की दोन पावसाळे तसाच राहतो, तोवर उरलेलं गिऱ्हाईकही जाईल." शिवाय एक भीती सगळ्यांच्या मनात होती आणि बोलत कोणी नव्हतं: पेठेकडे फार लक्ष वेधलं तर विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीची फाईल वर येईल, आणि मग ओटेच जातील.

दुसरा पर्याय वर्षातून एकदा मोठा महोत्सव. लॉजवाल्यांचा आग्रह याला होता. डिसेंबरात पर्यटक असतातच, स्टेज, ऑर्केस्ट्रा, प्रायोजक. आकडे चांगले दिसत होते. पण तीन दिवसांच्या महोत्सवानं चौथ्या दिवशी बाईंच्या दाराशी कोण असणार, याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

तिसरा पर्याय पुतण्यानं आणला. महिन्यातून एक संध्याकाळ रस्ता गाड्यांना बंद करायचा आणि माणसांना मोकळा. कोलंबियातल्या बोगोटात १९७४ पासून रविवारी रस्ते सायकलींसाठी मोकळे करतात, गुरुग्राममध्ये २०१३ साली राहगिरी नावाचा तसाच उपक्रम सुरू झाला, हे त्यानं फोनवर दाखवलं. काका म्हणाले, "आमच्याकडे शिमग्यात पालखी फिरते तेव्हा गाडी कोण आणतो? हेच ना ते?" हेच ते. तिसरा पर्याय त्या एका वाक्यानं मंजूर झाला असं माझ्या वहीत आहे.

वार ठरला महिन्यातला दुसरा शनिवार. बँकांना सुट्टी, मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा नाही, पर्यटक गावात. आणि कोणीतरी सहज म्हणालं, शनिवारी मासे कोण घेतं, मासळीवाल्यांना एक दिवस पलीकडे बसवलं तरी त्यांचं काही जात नाही.

पहिल्या तीन संध्याकाळी

परवानगीचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली वाहनबंदी एका महिन्यापेक्षा जास्त काळाची नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. पोलीस ठाण्यात अर्ज, नगरपरिषदेला पत्र, रिक्षा स्टँडवर सूचना. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीसाठी एक बाजू कायम मोकळी ठेवायची, एवढी अट पोलिसांनी घातली आणि ती बरोबरच होती.

पहिला शनिवार देखणा झाला. ओट्यांवर पणत्या, बचत गटाच्या खापरोळ्या आणि घावणे-रस, मुलांसाठी रस्त्यावर खडूनं आखलेल्या लंगडीच्या चौकटी. पर्यटकांनी फोटो काढले. दुसऱ्या शनिवारीही गर्दी. तिसऱ्या शनिवारी मी वहीत दुकानदारांना विक्री विचारून लिहायला बसलो, आणि शिंपी हसायला लागले. शनिवारी रात्री शर्ट शिवायला कोण टाकतं? भुसारी काकांकडे नेहमीपेक्षा कमी विक्री झाली होती, कारण त्यांची रोजची गिऱ्हाइकं गर्दी बघून परत गेली. येणारे स्टँडकडून येत होते, खाऊन स्टँडकडे जात होते. बाईंच्या खिडकीखाली मात्र रात्री साडेदहापर्यंत अनोळखी लोक सेल्फी काढत उभे.

त्याच संध्याकाळी तिठ्यावर भांडण झालं. तिसऱ्यांदा "आजच्या दिवस पलीकडे बसा" म्हटल्यावर मासळीवाल्यांतल्या सगळ्यात वयस्क आजींनी पाटी उचलायला नकार दिला. त्यांचं वाक्य मी तसंच टिपलं: "आमका उठवन तुमी खयचो रस्तो जिवंत करतल्यात?"

निर्णयाचा क्षण

पुढची बैठक या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात लांब आणि सगळ्यात अवघडलेली. गटात दोन तट पडले. लॉजवाल्यांचं म्हणणं, वास येतो, पाणी सांडतं, पाहुणे नाक मुरडतात. त्यांना मासळीबाजाराच्या इमारतीत बसवा. बाईंचं म्हणणं, मी पडले त्या दिवशी मला शेवटी कोणी उचललं? घरी परतणाऱ्या एका मासळीवालीनंच. ही गोष्ट तोवर आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. आम्ही विचारलीच नव्हती.

कायद्याची बाजू पुतण्यानं शोधून काढली. पथविक्रेता अधिनियम, २०१४ मध्ये 'नैसर्गिक बाजार' अशी संज्ञाच आहे. जिथे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेनं जमतात ती जागा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे जे काम नगरपरिषदेलाही सहजी करता आलं नसतं ते आम्ही, एक ओट्यावरचा गट, "आजच्या दिवस" म्हणत तीनदा केलं होतं.

आजींना बैठकीला बोलावलं. त्या आल्या नाहीत. पाच वाजता बसायचं असतं, बैठक पाचलाच होती. मग आम्ही तिठ्यावर गेलो आणि उभ्यानं बोललो. त्यांच्या मागण्या तीन होत्या: दिवा, पाण्याचा नळ आणि वार बदला.

वाराचं गणित त्यांनी आम्हाला शिकवलं. इथल्या कितीतरी घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. वशाट (मासे-मटण) म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी गिऱ्हाईक सकाळीच येतं. शुक्रवारी चाकरमानी पोचतात, धावपळ असते. बुधवारी संध्याकाळी मात्र गावातला माणूस, तोच, रोजचा, पिशवी घेऊन तिठ्यावर येतो. "तेका थंयच धरा," आजी म्हणाल्या. आम्ही जो माणूस शनिवारी शोधत होतो तो दर बुधवारी आमच्या पेठेच्या तोंडाशी येऊन बांगडे घेऊन परत जात होता.

लॉजवाल्यांनी बुधवारी पर्यटक नसतात म्हणून गट सोडला. त्यांचं बरोबर होतं, पर्यटक नसतात. शाळेचा प्रश्नही खरा होता, म्हणून वेळ पाच ते साडेआठ अशी आखली. तीन महिने करून बघू, नाही जमलं तर शनिवारवर जाऊ, असं ठरलं. महिन्याचा पहिला बुधवार. एकादशी, संकष्टी किंवा जवळच्या गावची जत्रा आली तर पुढचा. हे शेवटचं कलम पंचांग घेऊन बसलेल्या भुसारी काकांचं.

बुधवारी काय केलं

सगळ्यात छोटा बदल सगळ्यात उपयोगी ठरला. बचत गटाची शेगडी तिठ्याच्या टोकाला, मासळीच्या रांगेला लागून मांडली. वाट्यातले चार बांगडे घ्या, दोन साफ करून तळून घ्या, दोन घरी न्या. तळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात माणूस पेठेत शिरतो. काकांकडे तिरफळं घेतो, शिंप्याकडे महिनाभर राहिलेली पँट आखूड करायला टाकतो. गटानं खाद्यपदार्थांची नोंदणी आधीच करून घेतली होती, लहान विक्रेत्याला तेव्हा वर्षाला १०० रुपये शुल्क पडायचं. वाढायला केळीची पानं, कारण २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर थर्माकोलच्या ताटल्या चालत नाहीत. आणि खरं सांगायचं तर पानं परसातली, फुकट.

करमणुकीचा पेच वेगळा होता. सगळ्यांना दशावतार, इथलं लोकनाट्य, हवा होता. पण कार्तिकापासून जत्रांचा हंगाम लागला की मंडळं रिकामी नसतात, आणि दशावतार म्हणजे रात्रभराचं काम. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, त्या यादीत आमचा बुधवार कशाला येईल? मग ध्वनिक्षेपकच काढून टाकला. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना भिंती. पायपेटी, पखवाज आणि झांज सहज पोचतात. आता काम न करणारे एक जुने कलाकार तयार झाले, फक्त संकासुराचा, म्हणजे दशावतारातल्या गमत्या राक्षसाचा, प्रवेश करायला.

तो बुधवार मी विसरणार नाही. दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर उभ्यानं रचले जातात. संकासुर ओट्यावरून उतरला तो थेट मासळीच्या रांगेत गेला आणि सौंदाळ्यांचा भाव करायला लागला. आजींनी त्याला जो भाव सांगितला आणि पुढे जे सुनावलं, त्यावर पेठ पोट धरून हसली. बाई माडीच्या खिडकीत होत्या. फळ्या बसवायला निघालेले सोनार फळी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

प्रायोजक

वर्षभरानंतर एक कंपनी आली. नाव लिहीत नाही. कमानी, बॅनर, एलईडी पडदा आणि वर्षभराचा सगळा खर्च. बदल्यात कार्यक्रमाच्या नावाआधी त्यांचं नाव आणि वार परत शनिवार. आमचा खर्च तसा किरकोळ होता: दिव्यांची वायर, कलाकारांचं मानधन, चहा. तो दर दुकानामागे ठरलेल्या वर्गणीच्या पावतीतून निघत होता. चर्चा दहा मिनिटांत संपली, कारण वाराला हात लावायचा तर तिठ्यावर जाऊन सांगणार कोण, हा प्रश्न पडला आणि कोणीच हात वर केला नाही. तत्त्वापेक्षा आजींची भीती जास्त होती, हे कबूल करतो.

काय झालं, काय नाही

दोन वर्षांत पाच गाळे उघडले. आता यात श्रेय किती, हे तपासून सांगतो. दोन गाळे मुंबईची नोकरी सोडून आलेल्या कुटुंबांचे. ते तसेही येणार होते, फक्त स्टँडऐवजी त्यांनी पेठ निवडली. एक गाळा बचत गटानं घेतला, तो नक्की बुधवारमुळे. एकात चहाची गाडी आत आली. पाचव्यात सायकल दुरुस्ती, आणि तो मुलगा म्हणतो की भाडं स्वस्त म्हणून आलो, बुधवारचं मला काही ठाऊक नव्हतं.

इतर दिवशीची संध्याकाळ किती बदलली? थोडी. साडेसहाऐवजी आठपर्यंत सात-आठ दुकानं उघडी असतात. बाईंच्या खाली ओट्यावर रोज कोणी ना कोणी बसलेलं असतं.

जे वाईट झालं तेही लिहायला हवं. दोन शिंप्यांपैकी एकाचा गाळा अकरा महिन्यांच्या करारावर होता. पेठ चालायला लागली हे मुंबईतल्या मालकापर्यंत पोचलं आणि पुढच्या कराराला त्यानं भाडं दुप्पट मागितलं. शिंपी आता स्टँडमागच्या गल्लीत बसतात. पहिल्या बैठकीपासून गटात होते ते. बुधवारी येतात, पण गिऱ्हाईक म्हणून.

जून ते सप्टेंबर बुधवार नसतो. पाऊस तर आहेच, शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, चार महिन्यांत सवय मोडेल. गणपती झाले, ऑक्टोबर उजाडला, आणि लोकच विचारायला लागले की कधी आहे.

पुन्हा करायचं तर

सगळ्यात आधी, दुकानं मोजण्याऐवजी माणसं मोजू. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा, वेगवेगळ्या वारांना, रस्त्यावर कोण आहे आणि कशासाठी. आठवडाभर एकजण वही घेऊन तिठ्यावर बसला असता तर तीन शनिवार वाचले असते, भांडणही.

दुसरं, भाडेकरार. पहिली पणती लावण्याआधी भाड्यानं बसलेल्यांची यादी करून, जमेल त्या मालकाशी तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करून घ्यायला हवा होता. पेठ बंद होती तेव्हा मालक कोणत्याही अटीवर सही करायला तयार होते. आता नाहीत.

तिसऱ्या बाबतीत गटात अजून मतभेद आहे. लॉजवाल्यांना जाऊ द्यायला नको होतं असं मला वाटतं. काकांना वाटतं, बरं झालं. लॉजवाल्यांच्या तीन खोल्या आता हिवाळ्यात बुधवारसाठी भरतात, आणि ते तिठ्यावर येऊन मासे घेतात, पण आमच्याशी बोलत नाहीत.

आजींच्या तीन मागण्यांपैकी वार बदलला. दिवा गेल्या मार्गशीर्षात लागला. नळासाठीचा अर्ज तिसऱ्यांदा दिला आहे. त्याची पोच माझ्या वहीत चिकटवलेली आहे, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता त्या अजून घरून कळशी घेऊन येतात.